रात्रीच्या संगीताला कंटाळून गोव्यातील हणजूण सोडावे आणि सत्तरी तालुक्यात राहायला जावे का?

निदान एक लेखी तक्रार शेवटपर्यंत लावून धरल्याशिवाय आपण घर विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी हणजूणजवळच्या शिवोलीत वडिलोपार्जित घरात राहतो आणि याच प्रश्नावरून माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा वाद आजही मिटलेला नाही.

आमच्या घरामागच्या शेतापलीकडे उघड्यावरचे एक रेस्टॉरंट सुरू झाले आणि पर्यटनाच्या हंगामात तेथे पहाटेपर्यंत संगीत वाजू लागले. गाण्याचे शब्द ऐकू येत नसत. फक्त बासचा ठोका पलंगापर्यंत पोहोचत असे. आम्ही खिडक्यांना दुहेरी काचा बसवल्या, त्यामुळे रस्त्यावरचे हॉर्न कमी झाले, ठोका मात्र थांबला नाही, कारण कमी वारंवारतेचा आवाज भिंतींनाही फारसा जुमानत नाही आणि मंगळुरी कौलांच्या छपराला तर फटी असतातच. दादाने सत्तरीतल्या वाळपईजवळ जमीन घेतली आणि जाताना मला विचारले, "जत्रेत रात्रभर दशावताराचा काला चालतो, तेव्हा तुझी झोप मोडत नाही का?"

या प्रश्नाचे उत्तर मी त्याला अनेकदा दिले आहे आणि येथेही देतो. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि सण-उत्सवांसाठी राज्य सरकार जी सवलत देऊ शकते ती वर्षातून फार तर १५ दिवस आणि तीही मध्यरात्रीपर्यंतच. आमच्या देवस्थानच्या बैठकीत मीच आग्रह धरला, म्हणून काल्याच्या रात्री बारानंतर कर्णे बंद होतात आणि दशावतार पेटी, मृदंग आणि नटांच्या आवाजावर सकाळपर्यंत चालतो. जो नियम मी माझ्या देवाच्या उत्सवाला लावतो, तोच धंद्याला लावण्याचा मला पूर्ण अधिकार आहे.

पोलिसांना फोन केला की आवाज उतरायचा आणि जीप वळली की पुन्हा चढायचा. म्हणून आम्ही शेजाऱ्यांनी मिळून वहीत प्रत्येक रात्रीची सुरुवात आणि शेवटाची वेळ लिहिली, सह्या घेतल्या, अर्ज उपजिल्हाधिकाऱ्यांकडे आणि प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे दिली, आणि दोन्हीकडून शिक्क्यासह पोच घेतली. आवाजाची मोजणी आमच्या पडवीतच झाली आणि आकडा मर्यादेच्या बराच वर निघाला. दहा डेसिबलची वाढ कागदावर किरकोळ दिसते, पण तेवढ्यात ध्वनीची ऊर्जा दहापट झालेली असते, हे अर्जात लिहिण्याचा आम्हांला फार उपयोग झाला. पुढे ध्वनिक्षेपक बंद दालनात गेले. अजूनही एखाद्या शनिवारी तक्रार करावी लागते, पण आता ती नोंदवून घेतली जाते.

दादा म्हणतो, एवढी वर्षे भांडण्यात घालवण्यापेक्षा मी शांत झोपलो. त्याच्या घरासमोरून दिवसभर खडीचे ट्रक जातात, आणि तेथे अर्जावर सही करायला त्याला ओळखीचा शेजारी मिळत नाही. गाव सोडणारा माणूस आवाजाबरोबर ही सोबतही मागे ठेवतो, हे त्याला मी पटवून देऊ शकलेलो नाही.

आपल्या घरात हृदयरोगी किंवा तान्हे मूल असेल, किंवा आपण भाड्याने राहत असाल, तर माझे वरचे म्हणणे बाजूला ठेवून आधी घर बदलावे. सत्तरीत जागा पाहायची झाल्यास रविवारी दुपारी पाहू नये. कामाच्या दिवशी सकाळी जावे, रात्रीही तेथेच मुक्काम करावा आणि त्या रस्त्यावरून कोणती वाहने जातात ते शेजाऱ्यांना विचारावे. हणजूणच्या तक्रारीची पोच तरीही जपून ठेवावी, कारण मागे राहणाऱ्या शेजाऱ्यांच्या अर्जाला ती जोडता येते.