ऑनलाइन वापर मोजायचा कसा? ग्रंथपालांचे प्रश्न

नागपूर जिल्ह्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या ग्रंथपालांना मी ऑनलाइन सेवांचा वापर मोजायला शिकवते. वर्ग संपला की तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरे इथे एकत्र देते आहे.

ऑनलाइन सूची किती वेळा उघडली गेली, ते देवघेवीच्या नोंदवहीतच लिहावे का? (उमरेड)

नाही. वेगळी नोंद ठेवा.

वेबसाइट बनवणाऱ्याने महिन्याला एक लाख हिट्स झाल्याचे पत्र दिले आहे. वार्षिक अहवालात ‘एक लाख वाचक’ छापावे का? (महाल)

कृपया छापू नका. हिट म्हणजे सर्व्हरकडे गेलेली एक मागणी. तुमच्या मुख्य पानावर उद्घाटनाचे २५ फोटो असतील, तर एका माणसाने ते पान एकदा उघडले की फोटोंचेच २५ हिट्स होतात. शोधयंत्रांचे रोबो रात्रंदिवस येऊन जातात, त्यांचेही धरले जातात. विकणाऱ्याला हे पुरते ठाऊक असते. तरी तो हाच आकडा पुढे करतो, कारण मोठा आकडा दिसला की पुढच्या वर्षीचे बिल सहज मंजूर होते.

त्याच्याकडे मागा ते असे: भेटी किती झाल्या, सूचीत शोध किती घेतले गेले, आणि ई-पुस्तक किंवा लेख प्रत्यक्ष किती वेळा उघडला गेला. ई-पुस्तके व नियतकालिके पुरवणाऱ्यांसाठी ‘काउंटर’ नावाची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता आहे. एकाच वाचकाने तीच लिंक ३० सेकंदांत दोनदा दाबली तर ती एकदाच धरते, आणि रोबो वगळते. वर्गणी भरण्याआधी पुरवठादाराला लेखी विचारा, अहवाल काउंटरप्रमाणे मिळेल का? ‘आमची पद्धत त्याहून चांगली आहे’ असे उत्तर आले, तर जाणकार ग्रंथपालाचा सल्ला घेऊन करार कार्यकारी समितीपुढे ठेवा, तोवर सही नको. कोणती पुस्तके कोणी उघडतच नाही, हे त्या एक लाखात दडून जाते. पैसा पुन्हा त्याच पॅकेजवर जातो आणि एमपीएससीच्या मुलांना हवी ती पुस्तके घ्यायची राहून जातात. याचा मला फार त्रास होतो.

अभ्यासिकेतल्या एका संगणकावर दिवसभर मुले बसतात. वेबसाइटचा वापर मोजणारे गूगल अॅनालिटिक्स एकच वापरकर्ता दाखवते. बिघाड आहे का? (कामठी)

नाही. लॉगिन नसेल तर ते ब्राउझर ओळखते, माणूस नाही. मोबाइल आणि संगणक दोन्ही वापरणारा एकच सभासद उलट दोन धरला जातो. भेटींवरही विसंबू नका: साधारण ३० मिनिटे हालचाल थांबल्यावरच नवी भेट धरली जाते, त्यामुळे लागोपाठ बसलेली मुले एकाच भेटीत जातात. त्या संगणकापुरती सहीची वहीच बरी.

सगळे आकडे मार्चअखेर एकदम काढले तर? (काटोल)

उशीर होईल. गूगल अॅनालिटिक्समध्ये सविस्तर विश्लेषणाच्या नोंदी मूळ सेटिंगनुसार २ महिनेच राहतात. त्या १४ महिने ठेवता येतात, पण आधी पुसल्या गेलेल्या परत मिळत नाहीत. सेटिंग आजच बदला, जमत नसेल तर वेबसाइट सांभाळणाऱ्याला आजच फोन करा. दर महिन्याला आकडे उतरवून ठेवा.

ऑनलाइन वापर दाखवला की ग्रंथालयाला शासनाच्या ‘क’ वर्गातून वरचा ‘ब’ वर्ग मिळतो, असे व्हॉट्सअॅपवर आले आहे. (रामटेक)

फॉरवर्डच्या भरवशावर अर्ज करू नका. १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाखालचे नियम वाचा, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा.

कोणी काय वाचले याची नावासकट यादी ठेवली तर मोजणी पक्की होईल ना? (हिंगणा)

ठेवू नका. वापर मोजायला नाव लागत नाही. लॉगिनमुळे नोंदी आपोआप साठत असतील, तर त्या किती दिवस ठेवायच्या हे समितीने २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा जाणणाऱ्या वकिलाला विचारून ठरवावे आणि सभासदांना कळवावे.