वाचक विचारतात: कनू सरळ का जात नाही?

प्रश्न: आम्ही कॅनडात ब्रॅम्प्टनला राहतो. मागच्या उन्हाळ्यात इथल्या अल्गॉन्क्विन पार्कात (तलावांचं मोठं जंगल) कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची लांब अरुंद नाव, भाड्याने घेतली, मी पुढे उजवीकडून आणि नवरा मागे डावीकडून वल्हवत होतो तरी ती सरळ जाईचना, सारखी उजवीकडे वळायची आणि भांडण झालं ते वेगळंच. यंदा मेच्या लाँग वीकेंडला ९ आणि ५ वर्षांच्या मुलांना घेऊन जायचंय. नवरा कोकणातला, लहानपणापासून विहिरीत पोहलेला, तो म्हणतो लाइफ जॅकेट बोटीत ठेवलं की झालं. घालायलाच हवं का?

उत्तर: आधी भांडण मिटवूया, कारण त्यात तुमची चूक नाहीये. मागची सीट पार टोकाशी असते आणि पुढची त्यामानाने मध्याजवळ, कारण पुढच्याला पाय पसरायला जागा लागते ना, त्यामुळे मागच्याच्या वल्ह्याने नाव जास्त वळते. तो डावीकडून मारतोय म्हणजे नाक उजवीकडे जाणारच, तुम्ही पुढे कितीही जोर लावा. यावर उपाय मागच्यानेच करायचा, त्याला जे-स्ट्रोक म्हणतात. वल्हं नेहमीसारखं मागे ओढायचं, कंबरेच्या मागे आलं की वरच्या हाताचा अंगठा खाली जमिनीकडे फिरवायचा आणि पातं नावेपासून जरासं बाहेर ढकलायचं, बस्स. अंगठा वर राहिला तर ते सुकाणू धरल्यासारखं होतं, नाव वळते पण वेगही मरतो. पहिल्या दिवशी मनगट दुखेल, दुखू दे. तुम्ही पुढे एका लयीत मारत राहा, मागे वळून सूचना देऊ नका (हे जरा कठीण जाईल).

चढताना दोन्ही कडा धरून, वाकून, पाय बरोबर मधोमध टाकायचा. हलली की गुडघ्यावर बसा, वजन खाली गेलं की लगेच स्थिर होते. मुलं मध्ये तळाशीच बसवा, आणि काही दिसलं म्हणून दोघं एकाच बाजूला वाकणार नाहीत एवढं किनाऱ्यावरच बजावून ठेवा.

आता जॅकेट. कायद्याने प्रत्येकाच्या मापाचं जॅकेट बोटीत असावंच लागतं, शिवाय शिट्टी आणि तरंगणारी १५ मीटरची दोरी, पण आपण कायद्याचं बोलत नाहीये. तिथल्या तलावांवरचा बर्फ साधारण एप्रिलअखेर नाहीतर मेच्या सुरुवातीला जातो. वर उन्हात टी-शर्टवर बसता येतं आणि खाली पाणी बर्फातून नुकतंच निघालेलं! कोकणातली विहीर आणि हे पाणी यांचा काही संबंध नाही. अशा पाण्यात पडलं की पहिल्या मिनिटात श्वास आपोआप धापा टाकत सुटतो, तेव्हा तोंडात पाणी गेलं तर पट्टीचा पोहणारासुद्धा बुडू शकतो. मग साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात आणि पुढे तासाभराने शुद्ध जाते. पाण्यात पडल्यावर तरंगतं जॅकेट शोधून बक्कल लावून बघायला सांगा नवऱ्याला. त्यामुळे घालायचं, सगळ्यांनी, किनाऱ्यावरच.

माझं विचाराल तर इतक्या लहान मुलांना घेऊन जुलैत जा. मेमध्ये जायचंच असेल तर सकाळी जा, कारण दुपारी वारा उठतो आणि समोरून आला की पुढचं हलकं टोक भिरभिरत राहतं, अशा वेळी सामान थोडं पुढे सरकवायचं. आणि किनारा धरून जा, पोहून सहज गाठता येईल इतकाच लांब, तलाव मधून कापायचा मोह नको. उलटलीच तर आधी मुलं, मग नाव, ती पाणी भरलं तरी बहुतेकदा तरंगते म्हणून धरून राहायचं, आणि मदतीला तीन शिट्ट्या.

हो, आणि धाकट्याला 'पुढच्या वर्षी पण होईल' म्हणून मोठं जॅकेट घेऊ नका. बक्कलं लावून खांद्यावर धरून वर उचलून बघा, हनुवटी-कानांपर्यंत सरकलं तर परत करा, आणि पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच घ्या.