ट्रॅकवर चौथ्या लॅपला ईएससीचा दिवा लागतो, रस्त्यावर मात्र काहीच नाही. नेमकं कुठे शोधायचं?

तुमचा प्रश्न असा: पुण्याहून गाडी ट्रेलरवर घालून ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटला नेली. चौथ्या लॅपला दहाव्या-अकराव्या वळणात ईएससी (गाडी घसरू लागली की हव्या त्या चाकाला ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) आणि एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) हे दोन्ही पिवळे दिवे एकदम लागले. पिटमध्ये गाडी बंद करून चालू केली की जातात, पुढच्या सेशनला त्याच वळणात परत येतात. पुण्यातल्या वर्कशॉपने गाडीत नोंदलेला बिघाडाचा कोड पुसला, एक चक्कर मारली आणि 'गाडी ओके आहे' म्हणून परत दिली. आता सेन्सर बदलायचा की अख्खं एबीएस युनिट?

आत्ता दोन्ही बदलू नका. मी चाकणला बरीच वर्षं ब्रेकच्या चाचण्या करतोय, आणि हेच दुखणं माझ्या स्वतःच्या गाडीत सोसलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दिवा लुकलुकत असेल तर ईएससी आपलं काम करतेय, त्यात बिघाड नाही. तुमचा स्थिर राहिला, सोबत एबीएसचाही लागला. म्हणजे सिस्टिमने स्वतःहून काम थांबवलं. ती का थांबते ते आधी सांगतो. ईएससीकडे चार चाकांचा वेग, स्टिअरिंगचा कोन, गाडी स्वतःभोवती किती वळतेय आणि बाजूला किती ओढली जातेय, एवढी माहिती सतत येत असते. ही सगळी माहिती एकमेकींशी जुळते का, हे ती दर क्षणाला तपासते. एक जरी बाकीच्यांशी विसंगत निघाली तरी ती ब्रेकला हात लावत नाही, कारण चुकीच्या चाकाला ब्रेक लागणं हे ब्रेक न लागण्यापेक्षा वाईट. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ही विसंगती दिसणारच नाही. तिथे ना ब्रेकची डिस्क तापते, ना वळणात चाकावर तेवढा भार येतो.

आणि तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची माहिती म्हणजे 'त्याच वळणात'. बुद्धचं दहावं-अकरावं म्हणजे एकच लांबलचक उजवं वळण. तिथे गाडीचा भार कितीतरी सेकंद डाव्या चाकांवर असतो. म्हणून माझा पहिला संशय डाव्या बाजूच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या बेअरिंगसकटच्या भागावर आहे.

माझ्या गाडीत हेच निघालं. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर दिवे लागायचे. डाव्या पुढच्या चाकाचा सेन्सर दोनदा बदलून झाला, फरक शून्य. शेवटी गाडीच्या कंप्युटरमधला डेटा वाचणारा स्कॅनर जोडलेला ठेवून चारही चाकांचे वेग रेकॉर्ड केले. उजव्या वळणात तीन चाकं ११० दाखवत होती आणि डावं पुढचं क्षणभर शून्यावर जाऊन परत आलं. सेन्सर चांगलाच होता, त्याच्यासमोरची रिंग हलत होती. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत बेअरिंगच्या सीलवरच चुंबकीय रिंग असते; ती चाकाबरोबर फिरते आणि सेन्सर तिच्यावरून वेग मोजतो. सेन्सर आणि तिच्यात जेमतेम मिलिमीटरभर अंतर. बेअरिंग सैल झालं की भाराखाली हब कलतो, हे अंतर बदलतं आणि सिग्नल तुटतो. हब काढल्यावर रिंगेच्या कडेला नखाएवढा चकचकीत घासलेला पट्टा दिसला. आदल्याच आठवड्यात जॅकवर चढवून, वर-खाली धरून ते चाक मी हलवून पाहिलं होतं. तेव्हा काहीही लागलं नव्हतं.

म्हणून नुसतं चाक हलवून समाधान मानू नका. गाडी जॅकस्टँडवर घ्या, एका हाताने चाक फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर टेकवा. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमधून बारीक खरखर बोटांना जाणवते, कानाला ऐकू येत नसली तरी. डावी-उजवी बाजू ताडून पाहा. नवं बेअरिंग बसवताना चुंबकीय बाजू सेन्सरकडेच आली पाहिजे, हे मेकॅनिकला आधी बजावून सांगा. आणि ती बाजू ओळखायला साधं लोहचुंबक रिंगेजवळ नेऊ देऊ नका.

चाक काढलंच आहे तर सेन्सरची वायरही बघा. हाताने वाकवून पाहा. तापून कडक झालेली वायर वाकवली की इन्सुलेशनवर केसासारख्या चिरा दिसतात. ट्रॅकवर डिस्क सहज ५०० अंशांच्या वर जाते, आणि ब्रेक थंड राहावेत म्हणून पाइप बसवताना ही वायर सरकून डिस्कजवळ गेलेली मी पाहिलीय. तापलं की सिग्नल जातो, पिटमध्ये गार झालं की येतो. तुमचा दिवा पहिल्या लॅपला न लागता चौथ्याला लागतो, म्हणून ही शक्यताही मी सोडणार नाही. बेअरिंगही तापल्यावर जास्त सैल होऊ शकतं, त्यामुळे नुसत्या लॅपच्या आकड्यावरून दोन्हींतलं एक ठरवता येत नाही.

टायर बदलले का, हे तुम्ही लिहिलं नाही. चारही चाकांना २४५/४० आर १८ असताना मागे २६५/३५ आर १८ चढवले तर मागच्या चाकाचा व्यास साधारण १० मिलिमीटरने कमी होतो, म्हणजे १.६ टक्के. गाडी १५० वर सरळ जात असली तरी मागची चाकं दोन-अडीच किलोमीटर जास्त दाखवणार, आणि सिस्टिमला ती घसरल्यासारखी वाटणार. गाडी खाली घेतली असेल किंवा अलाइनमेंट केलं असेल तर स्टिअरिंगच्या सेन्सरचा शून्यही नव्याने ठरवावा लागतो. हे दोन्ही स्कॅनरच्या लाइव्ह डेटावर दहा मिनिटांत कळतं: सपाट सरळ रस्ता, वेग ४०, स्टिअरिंगचा कोन शून्याजवळ आणि चारही चाकं जवळजवळ सारखी.

बॅटरी हलकी घातली असेल तर तिचं व्होल्टेज पाहा. ब्रेक फ्लुइडची पातळीही पाहा. पॅड झिजले की ती खाली जाते आणि लांब वळणात टाकीतला पातळी दाखवणारा फ्लोट खाली बसतो. पण त्याने सहसा लाल दिवा लागतो, त्यामुळे तुमच्याकडे ही शक्यता कमी.

आता पुढच्या ट्रॅक डेचं. दिवे लागले की पिटमध्ये या, पण गाडी बंद करू नका. आधी स्कॅनर लावा. साधा ओबीडी रीडर फक्त इंजिनचे कोड वाचतो, एबीएसचं मॉड्यूल वाचणारा हवा. कोड आणि त्या क्षणाची नोंद, म्हणजे वेग, स्टिअरिंगचा कोन, व्होल्टेज, यांचे फोटो काढा. वर्कशॉपने कोड पुसला तेव्हा हाच पुरावा गेला. पुढच्या वेळी 'पुसण्याआधी प्रिंट द्या' असं स्पष्ट सांगा.

कोणी 'फ्यूज काढ आणि मजेत चालव' म्हणालं तर कृपया ऐकू नका. एबीएस बंद पडतं तेव्हा अनेक गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब आवरणारी यंत्रणाही जाते. सोबत लाल दिवा लागला तर ती गेलीच असं समजा. मग जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी फिरते. बुद्धला तिसऱ्या वळणानंतर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे, त्याच्या टोकाला हे घडलेलं मला नकोय. दिवे लागले तो लॅप तिथेच सोडा, लवकर आणि हलका ब्रेक लावत आत या.

जॅकवर चढवाल तेव्हा डाव्या पुढच्या चाकापासून सुरुवात करा. चारही चाकांच्या वेगाचं रेकॉर्डिंग आणि टायरचे साइज इथेच खाली टाका, मी पाहून सांगतो.