उपचार थांबवले, मग तेव्हा मी खोटी होते का?

लिंगबदलाचे उपचार काही वर्षे घेऊन नंतर थांबवलेल्या व्यक्ती समुपदेशनासाठी माझ्याकडे मोजक्याच येतात, पण आल्या की बहुतेकींना एकच काळजी पोखरत असते: ‘मी तेव्हा खोटी होते, की आता खोटी आहे?’ सांगलीतल्या एका २६ वर्षांच्या मुलीचा अनुभव तिच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, इथे मांडत आहे.

पुण्यात नोकरी करताना तिने पुरुष म्हणून जगायचे ठरवले आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीन वर्षे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) घेतले. तो काळ सुखाचा होता, हे तिने पहिल्याच भेटीत ठामपणे सांगितले. पुढे स्वतःविषयी वेगळे उमगत गेले, तिने उपचार थांबवले आणि ती घरी परतली. वडील ‘आम्ही सांगतच होतो’ एवढेच बोलले आणि आईने महिन्याभरात स्थळे पाहायला घेतली. हेतू दोघांचाही वाईट नव्हता; तरी शरीरातल्या कोणत्याही बदलापेक्षा ही घाईच तिला अधिक लागली, असे माझे मत आहे.

टेस्टोस्टेरॉन बंद केल्यावर पाळी बहुधा काही महिन्यांत सुरू होते आणि अंगावरची चरबीही हळूहळू पहिल्यासारखी बसते. मात्र स्वरतंतू जाड झाल्यामुळे खाली गेलेला आवाज आपोआप वर येत नाही आणि चेहऱ्यावरचे केसही आपसूक जात नाहीत. हे ठाऊक असूनही ती रोज सकाळी ‘हॅलो, कोण बोलतंय?’ एवढेच वाक्य मोबाइलवर रेकॉर्ड करून कालच्या आवाजाशी ताडून पाहत असे, आणि कुरियरवाल्याने फोनवर ‘सर’ म्हटले की दिवसभर खोलीबाहेर पडत नसे.

माझ्याशी बोलतानाही ती ‘मी गेले’ किंवा ‘मी गेलो’ यांपैकी काहीच म्हणायची नाही. ‘जाणं झालं’, ‘मला वाटलं’ अशी आडवळणे घ्यायची. मी विचारले तेव्हा म्हणाली, “मॅडम, काहीही म्हटलं तरी कोणीतरी पकडणारच.” मग तिलाच आठवले की या भागातल्या कितीतरी बायकांप्रमाणे तिची आजी जन्मभर ‘मी येतो, मी जातो’ असेच बोलत आली आणि तिला कोणी कधी जाब विचारला नाही. त्या भेटीत ती पहिल्यांदा मोकळी हसली.

‘खरी केव्हा, खोटी केव्हा’ या वादाचा निकाल लावण्याच्या भरीस आम्ही पडलो नाही. पुण्यातले जे फोटो ती पुसून टाकायला निघाली होती ते एकेक करून पाहिले, आणि त्यांतले मित्र, काम, धीटपणा हे सगळे आजही तिचेच आहे हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगेपर्यंत थांबलो. सोबत मिरजेत वाचा-उपचार सुरू झाले. त्यांत आवाजाची पट्टी आणि घुमारा यांचा सराव असतो, आणि त्याला महिनोन्‌महिने द्यावे लागतात. चेहऱ्यावरच्या केसांसाठी लेसरचा पर्याय तिने सध्या बाजूला ठेवला आहे. ज्यांची अंडाशये काढलेली आहेत त्यांनी मात्र हाडांच्या आरोग्यासाठी संप्रेरकांचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

आईने विचारले, “म्हणजे आता ती बरी झाली ना?” ती आजारी नव्हतीच, हे मला सांगावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणातही लिंगविसंगती, म्हणजे जन्मतः नोंदलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारे लिंग न जुळणे, मानसिक विकारांत धरलेली नाही. वडिलांना मुलीचा दाखला देऊन नात्यातल्या एका मुलाला समजवायचे होते. तेही मी थांबवले, कारण कोणी घरच्यांच्या दबावाने थांबतो, कोणी खर्चामुळे किंवा प्रकृतीमुळे, तर कोणाची स्वतःविषयीची समजच बदलते. एकाच्या परतण्यावरून दुसऱ्याचे आयुष्य ठरवता येत नाही.

अशा काळात जगणे नकोसे वाटू लागले, तर भेटीची वाट न पाहता टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीत बोलता येते. तिलाही तो क्रमांक मी पहिल्याच दिवशी लिहून दिला होता. आईने लग्नाचा विषय अजून पूर्णपणे सोडलेला नाही, पण आता ‘आत्ता नाही’ हे उत्तर मुलगी स्वतः देते, आणि वडील त्यावर वाद घालत नाहीत.