गोराईच्या वाडीत चिकूखाली हिरवळीच्या खतासाठी ताग पेरलाय. कापून टाकल्यावर झाडांना नत्र (नायट्रोजन) कधी मिळेल?

ताग कुजायला लागल्यावरच, आणि तेही टप्प्याटप्प्याने. हिरव्या पाल्यातलं नत्र प्रथिनांत अडकलेलं असतं. जमिनीतले जिवाणू ती प्रथिनं फोडून आधी अमोनियम आणि मग नायट्रेट बनवतात, तेव्हा कुठे चिकूची मुळं ते उचलतात.

म्हणून कापणीची वेळ फार महत्त्वाची. पेरल्यापासून साधारण 40-50 दिवसांनी, फुलकळी दिसू लागली की कापाच. एक रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडून बघा: आत गुलाबी असेल तर गाठीतल्या जिवाणूंचं हवेतलं नत्र बांधायचं काम चालू आहे. उशीर केलात तर खोड निबर होतं. असं खोड कुजवताना जिवाणू जमिनीतलं नत्र स्वतःच वापरतात आणि झाड काही काळ उपाशी राहतं.

मुंबईचा पाऊस नायट्रेट धुऊन नेतो, त्यामुळे जुलैच्या धो-धो पावसात सगळं एकदम गाडू नका. कापून झाडाच्या घेराखाली पसरा. सावकाश कुजतं, नासाडी कमी होते. कुदळ खोल घालू नका, चिकूची अन्न शोषणारी मुळं वरच्या थरातच असतात.

सगळं नत्र एका हंगामात मिळत नाही, त्यामुळे पहिल्या वर्षी शेणखत बंद करू नका.