थेंबाला वाऱ्याची आठवण असते

प्रश्न : पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी सरळ वर पाहणाऱ्या हवामान रडारचं सिम्युलेशन करते आहे. तरंगलांबी ३ सेंटिमीटर, सेकंदाला २००० पल्स (रेडिओलहरींचे छोटे झटके). प्रत्येक थेंबाच्या पडण्याच्या वेगात टर्ब्युलन्सचा (हवेतल्या भोवऱ्यांच्या खळबळीचा) साधारण १ मीटर प्रतिसेकंद इतका रँडम वेग मिळवते, दर पल्सला नवा. तरी डॉप्लर स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वेगाच्या थेंबांकडून किती परावर्तन येतं याचा आलेख, रुंदावतच नाही. कुठे चुकतंय?

उत्तर : तुमचा प्रश्न वाचला आणि माझी जुनी वही आठवली. मीही अगदी हेच केलं होतं, आणि तीन आठवडे फूरियर रूपांतराच्या (सिग्नलमधून स्पेक्ट्रम काढणाऱ्या गणिताच्या) ओळी तपासत बसलो होतो. तिथे सगळं ठीक होतं.

एकच थेंब घ्या. दोन पल्समधल्या अर्ध्या मिलिसेकंदात हवा त्याला अर्धा मिलिमीटर सरकवते. तोच झोत टिकला, तर १०० पल्समध्ये थेंब ५ सेंटिमीटर जाईल. तुम्ही मात्र दर पल्सला नवा आकडा उचलता, त्यामुळे तो वर-खाली डुचमळतो आणि १०० पावलांनंतर जेमतेम ५ मिलिमीटर हललेला असतो. थेंब अर्धी तरंगलांबी, म्हणजे १५ मिलिमीटर सरकला की परतलेल्या लहरीची फेज (लहरीच्या चक्रातली जागा) एक पूर्ण फेरी मारते. टिकणाऱ्या झोतात तीनाहून जास्त फेऱ्या होतात, तुमच्या हिशेबात फेरीचा तिसरा हिस्सा. तुमची रुंदी इथे गेली.

तेव्हा वेगाला आठवण द्या : नवा वेग म्हणजे आधीच्या वेगाचा बहुतांश भाग आणि थोडासा रँडम भाग.

ही आठवण सगळ्या थेंबांना सारखी देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. १ मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे ४ मीटर पडतो, ४ मिलिमीटरचा जवळजवळ ९. या वेगाला गुरुत्वत्वरणाने भागलं की थेंब हवेशी जुळवून घ्यायला किती वेळ घेतो याचा अंदाज येतो : ०.४ आणि ०.९ सेकंद. तेवढ्यात मोठा थेंब कित्येक मीटर खाली आलेला असतो. छोटे भोवरे त्याच्या अंगावरून नुसते निघून जातात. सगळ्यांना एकच रुंदी फासली, तर स्पेक्ट्रमची वेगवान कड, जिथे मोठे थेंब दिसतात, खोटी लांबते आणि हवेत नसलेले जाडे थेंब आपण मोजतो. त्यातच परावर्तन व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतं. ४ मिलिमीटरचा एक थेंब १ मिलिमीटरच्या ४०९६ थेंबांइतका चमकतो, म्हणून त्या कडेला जपायला हवं.

रडारच्या नमुना-घनफळाहून (रडार एका वेळी हवेचा जेवढा भाग पाहतो त्याहून) मोठे भोवरे स्पेक्ट्रमला नुसतं सरकवतात. ते वेगळे ठेवा.

आता सगळे थेंब १ मिलिमीटरचे करून चालवा आणि मग वेळेचा टप्पा निम्मा करा. रुंदी बदलली, तर आठवण अजून कुठेतरी तुटते आहे.