अंगठ्यांची उशी कुणाच्या हाती?

अगं, तीन वर्षांचा भाचा फोटोत कितीही गोड दिसला तरी चर्चमधल्या लग्नात नवरा-नवरीच्या अंगठ्या ठेवून लहान मूल वेदीपर्यंत घेऊन चालतं ती छोटी उशी त्याच्याकडे देऊ नकोस. चर्चमधली ती लांब वाट, दोन्ही बाजूंनी वळून बघणारी माणसं. एवढंसं पोर बावरतं आणि आईकडे पळतं. पाच-सात वर्षांचं मूल बघ, त्यातही चारचौघांत रमणारं. नात्यातला मान राखायचा म्हणून लाजऱ्या मुलाला पुढे ढकलणं मला अजिबात पटत नाही, त्याच्यावर तो अन्यायच आहे. दोघं हट्ट धरत असतील तर एकाकडे उशी, दुसऱ्याकडे फुलांची परडी.

खऱ्या अंगठ्या मात्र बेस्टमॅनच्या, म्हणजे नवऱ्याच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या त्याच्या जवळच्या मित्राच्या किंवा भावाच्या खिशातच हव्यात. उशीवर साध्या अंगठ्या रिबिनीने बांधा. वचनं झाली की फादर अंगठ्यांना आशीर्वाद देतात, तेव्हा बेस्टमॅनने खऱ्या पुढे करायच्या. फादरांनाही हे आधी सांगून ठेव.

रिहर्सलला मुलाला लग्नातले नवे बूट घालूनच चालव, चावत असतील तर तिथेच कळेल. आईला पहिल्या बाकावर बसव. चालून झालं की त्याने थेट तिच्याजवळ जायचं. अख्खी मिस्सा, म्हणजे चर्चमधला पूर्ण प्रार्थनाविधी होईपर्यंत त्याला वेदीपाशी उभं करू नका, लेकरू थकतं गं.